रेशमाने नाकारलेला रंग आणि एकट्या रेणूचे दर्शन

१/
१८७७ च्या ऑक्टोबर महिन्यात जर्मनीतील इमेंडिंगेन या गावाजवळ डॅन्यूब नदीच्या पात्रात १० किलो रंजक ओतण्यात आले. त्या परिसरात नदीचे पाणी चुनखडीच्या भेगांतून जमिनीत गडप होत असे आणि ते पुढे कोठे जाते, याविषयी वाद होता. सुमारे ६० तासांनंतर, कित्येक किलोमीटर दूर असलेल्या आख नदीच्या उगमावर पाणी हिरवे चमकू लागले. डॅन्यूबचे पाणी भूमिगत मार्गाने ऱ्हाईनच्या खोऱ्यात उतरते, याचा तो डोळ्यांना दिसणारा पुरावा होता.

२/
त्या रंजकाचे नाव फ्लुओरेसिन. पुढे ९९ वर्षांनी, १९७६ मध्ये, याच रंजकाच्या साहाय्याने प्रथिनाचा एकच एक रेणू पाहण्यात आला. नदीसाठी लागले होते १० किलो. या वेळी रंजकाचे ८० ते १०० रेणू पुरले. मात्र शास्त्रज्ञांना याहून पुढे जायचे होते. एका रेणूला रंजकाचा एकच रेणू जोडावा आणि तेवढ्या ठिणगीवरून तो ओळखता यावा, ही त्यांची आकांक्षा होती. त्यासाठी कोणता रंग निवडावा, या प्रश्नाचा हा इतिहास. त्याचा नायक मात्र फ्लुओरेसिन नाही; नायक आहे रेशीम रंगवण्याच्या कामी कच्चा ठरलेला एक निळा रंग.

३/
आरंभ होतो सिंकोना वृक्षाच्या सालीपासून. हिवतापावरील क्विनीन हे औषध या सालीतून मिळे. १८४५ मध्ये जॉन हर्षल यांनी नोंदवले की, क्विनीनचे द्रावण रंगहीन असते, तरी उजेडात त्याच्या पृष्ठभागावर निळी आभा दिसते. १८५२ मध्ये जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी या आभेचा उलगडा केला आणि फ्लुओरस्पार या खनिजावरून तिला ‘फ्लुओरेसन्स’ हे नाव दिले. मराठीत या गुणधर्माला अनुस्फुरण म्हणता येईल.

४/
अनुस्फुरणाचे तत्त्व सोपे आहे. रेणू कमी तरंगलांबीचा प्रकाश शोषतो आणि काही नॅनोसेकंदांत अधिक तरंगलांबीचा प्रकाश परत देतो. निळा घेतो, हिरवा देतो; हिरवा घेतो, नारिंगी देतो. घेतलेल्या व दिलेल्या प्रकाशाचा रंग वेगळा असल्यामुळे गाळणी लावून पहिला अडवता येतो आणि दुसरा तेवढा डोळ्यापर्यंत पोहोचू देता येतो. काळ्याभोर पार्श्वभूमीवर केवळ रंजक उजळून दिसतो. पुढची सारी कथा या एका सोयीवर उभी आहे.

५/
१८५६ हे वर्ष रंगांच्या इतिहासात मोलाचे आहे. लंडनमध्ये १८ वर्षांचा विल्यम हेन्री पर्किन कृत्रिम क्विनीन बनवू पाहत होता; हाती आला जांभळा ‘मॉव्ह’ रंग, आणि त्यातून कृत्रिम रंगांचा उद्योग उभा राहिला. त्याच वर्षी चार्ल्स ग्रेव्हिल विल्यम्स या रसायनशास्त्रज्ञाने सिंकोनाच्याच सालीतील द्रव्यापासून मिळणाऱ्या क्विनोलिनवर प्रयोग करताना एक देखणा निळा रंग मिळवला. त्याला पुढे ‘सायनिन’ हे नाव पडले.

६/
पर्किनच्या जांभळ्या रंगाने बाजार जिंकला. सायनिनच्या वाट्याला मात्र निराशा आली. त्याची निळाई मोहक होती, परंतु उन्हात ती टिकत नसे. रंगाऱ्याच्या दृष्टीने याहून मोठा दोष नाही. ग्राहक कापड हातात घेताच ‘रंग पक्का आहे ना?’ असे विचारतो, आणि सायनिन विटणारा होता. वस्त्रोद्योगाने त्याला नाकारले. प्रकाशाने सहज बदलणारा रंग, ही त्याची ओळख झाली. ही ओळख लक्षात ठेवावी; दीडशे वर्षांनी तिचा अर्थ पालटणार आहे.

७/
या काळात अनुस्फुरक रंगांचे दुसरे घराणे जन्मास आले. १८७१ मध्ये अॅडॉल्फ फॉन बायर यांनी फ्लुओरेसिन तयार केले, तेच जे सहा वर्षांनी डॅन्यूबमध्ये ओतले गेले. १८८७ मध्ये त्याच्याच नात्यातील ऱ्होडामिन अवतरले, लालसर झळाळीचे. या रेणूंची मध्यवर्ती चौकट परस्परांना जोडलेल्या कड्यांची, म्हणून घट्ट असते. शोषलेली ऊर्जा थरथरण्यात वाया न जाता बरीचशी प्रकाशाच्या रूपाने परत येते. सायनिनची घडण वेगळी: दोन टोकांना कडी आणि मध्ये कार्बन अणूंची उघडी साखळी.

८/
१८७३ मध्ये जर्मनीत दोन घटना घडल्या. एर्न्स्ट आबे यांनी सूक्ष्मदर्शकाची मर्यादा मांडली: प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून जवळ असलेल्या दोन गोष्टी भिंगाला वेगळ्या दाखवता येत नाहीत. दृश्य प्रकाशासाठी ही मर्यादा सुमारे २०० नॅनोमीटर येते. प्रथिनाचा रेणू त्याहून कितीतरी लहान. त्याच वर्षी हेर्मान व्हिल्हेल्म फोगेल यांना आढळले की, छायाचित्रणाच्या काचेवरील थरात योग्य रंजक मिसळला, तर जो प्रकाश त्या काचेला एरवी जाणवत नाही तोही तिच्यावर उमटतो.

९/
फोगेल यांच्या शोधाने सायनिनचे दैव उघडले. तोवरच्या काचा प्रामुख्याने निळ्या-जांभळ्या प्रकाशाला प्रतिसाद देत. तांबडी वस्त्रे चित्रात काळी दिसत. सायनिन घराण्यातील रंजकांनी चांदीच्या क्षारांना लाल प्रकाशही ‘पाहायला’ शिकवले. १९०५ च्या सुमारास आलेल्या पिनासायनॉलमुळे सर्व रंगांना प्रतिसाद देणाऱ्या काचा शक्य झाल्या. पुढील कित्येक दशके छायाचित्रणाच्या कंपन्यांनी शेकडो सायनिन बनवून पाहिले. कापडावर जो दोष होता, त्याची अंधाऱ्या पेटीत कोणी तक्रार केली नाही.

१०/
जीवशास्त्रात रंजकाची विचारपूर्वक निवड कशी झाली, याचे एक ठळक उदाहरण १९४१-४२ चे आहे. हार्वर्डमधील अल्बर्ट कून्स यांना शरीरातील प्रतिपिंडांना चमकणारी खूण जोडायची होती, म्हणजे ऊतींमध्ये रोगकारक द्रव्य नेमके कोठे आहे हे दिसेल. आरंभी त्यांच्या गटाने निळा प्रकाश देणारे अँथ्रासिनजन्य द्रव्य वापरले. अडचण अशी की, ऊती स्वतःच निळसर चमकतात. खूण कोणती आणि पार्श्वभूमी कोणती, हे ओळखणे अवघड झाले. मग त्यांनी हिरव्या फ्लुओरेसिनकडे वळण घेतले आणि चित्र स्पष्ट झाले.

११/
कून्स यांच्या या पावलात निवडीचा पहिला नियम दडला आहे. रंजक किती तेजस्वी आहे, यापेक्षा तो भोवतालातून किती वेगळा उठून दिसतो हे महत्त्वाचे. १९५८ मध्ये प्रथिनांना सहज जोडता येणारे फ्लुओरेसिनचे नवे रूप आले आणि त्याचा वापर प्रयोगशाळांतून सर्वत्र पसरला. त्याचे दोषही लवकरच कळले: तीव्र प्रकाशात ते झपाट्याने विटते आणि आम्लधर्मी परिसरात मंद पडते. ऊतींच्या जाड कापात हजारो रेणू एकत्र चमकत असल्याने हे दोष खपून जात.

१२/
एकट्या रेणूच्या बाबतीत मात्र काहीच खपून जाणार नव्हते. १९५२ मध्ये एर्विन श्रोडिंगर यांनी लिहिले होते की, प्रत्यक्षात एकटा इलेक्ट्रॉन, अणू किंवा लहान रेणू घेऊन कोणी प्रयोग करत नाही. तो केवळ विचारातला खेळ आहे. पुंजयांत्रिकीच्या एका शिल्पकाराचे हे मत होते. त्यानंतर चार दशकांच्या आत ते जुने ठरले, आणि त्या कामी योग्य रंजकाच्या निवडीचा मोठा वाटा होता.

१३/
पहिली पावले आडवाटेने पडली. १९६१ मध्ये बोरिस रोटमन यांनी सूक्ष्म थेंबांत विकराचा एकेक रेणू कोंडला. विकर स्वतः दिसत नव्हता, परंतु त्याने घडवलेले असंख्य अनुस्फुरक रेणू थेंब उजळवत होते. १९७६ मध्ये टॉमस हिर्शफेल्ड यांनी एका प्रतिपिंडाशी संलग्न केलेल्या रेणूवर फ्लुओरेसिनच्या ८० ते १०० खुणा लादल्या आणि तो एकटा रेणू टिपला. आरंभी उल्लेखिलेला प्रयोग तो हाच. दिवा एक नव्हता, दीपमाळच होती.

१४/
एकाच दिव्यावर काम का भागत नव्हते? रंजकाचा रेणू अमर नसतो. प्रकाश घेणे-देणे करता करता एखाद्या फेरीत त्याची रासायनिक मोडतोड होते आणि तो कायमचा विझतो. चांगला रंजक साध्या पाण्यात लाखभर, फार तर दहा लाखांच्या घरात फोटॉन देतो. फ्लुओरेसिन त्याहून बरेच आधी संपते. त्या फोटॉनांतील थोडेच भिंगापर्यंत पोहोचतात. दुसरीकडे भोवतालचे पाण्याचे रेणू, काच, भिंगावरचे तेल, सारेच थोडाथोडा प्रकाश विखुरतात. अब्जावधींच्या गर्दीत एकाचा आवाज ऐकण्याचा हा प्रश्न होता.

१५/
१९८९ मध्ये कॅलिफोर्नियातील आयबीएमच्या प्रयोगशाळेत विल्यम मोर्नर आणि लोथार काडोर यांनी ही कोंडी फोडली. त्यांनी निवडलेला रेणू होता पेंटासीन, आणि तो वसवला होता पॅरा-टरफेनिलच्या स्फटिकात, द्रवरूप हेलियमच्या थंडीत. इतक्या थंडीत रेणूची थरथर जवळपास थांबते आणि तो अत्यंत अरुंद तरंगलांबीचाच प्रकाश मोठ्या जोमाने शोषतो. लेसर त्या तरंगलांबीवर नेमका आणला की, एकट्या रेणूने केलेले शोषण मोजता येते.

१६/
१९९० मध्ये बोर्दो येथे मिशेल ओरी आणि जॅकी बर्नार यांनी त्याच पेंटासीनच्या एकट्या रेणूचे अनुस्फुरण टिपले. त्याच वर्षी लॉस अॅलामॉस येथे रिचर्ड केलर यांच्या गटाने वाहत्या पाण्यात, सामान्य तापमानाला, ऱ्होडामिन-६जीचे एकेक रेणू ओळखले. ही निवड स्वाभाविक होती. शोषलेल्या प्रत्येक शंभर फोटॉनांमागे ऱ्होडामिन-६जी नव्वदहून अधिक परत देते. १९७० मध्ये अखंड चालणाऱ्या पहिल्या रंजक-लेसरातही तेच होते. बायर-युगातील कड्यांचे घराणे येथे विजयी झाले.

१७/
मग रंगमंचावर सायनिन परतले. १९९३ मध्ये बेल प्रयोगशाळेत एरिक बेट्झिग आणि रॉबर्ट चिचेस्टर यांनी प्लास्टिकच्या पातळ थरावर विखुरलेल्या एकेका रेणूची सामान्य तापमानाला प्रतिमा घेतली. त्यांनी वापरलेला रंजक सायनिन कुळातला होता. पृष्ठभागावरील एकाच रेणूकडे पुनःपुन्हा परतून पाहणे आता शक्य झाले. याचा अर्थ असा की, रेणू किती काळ जगतो, केव्हा मिटतो आणि मिटताना कसा वागतो, हेही दिसू लागले.

१८/
येथे एक शंका साहजिक आहे. पडद्यावर दिसणारा ठिपका एकाच रेणूचा आहे, दहा रेणूंच्या पुंजक्याचा नाही, हे कशावरून? उत्तर त्या ठिपक्याच्या मरणात आहे. अनेक रेणूंचा पुंजका पायरीपायरीने मंदावत जातो. एकटा रेणू मात्र शेवटच्या क्षणापर्यंत सारख्या तेजाने चमकतो आणि एका झटक्यात विझतो. रंग विटणे हा रंगाऱ्याचा शत्रू. तेच ‘एकाच पायरीत विझणे’ शास्त्रज्ञांच्या हाती एकटेपणाचा पुरावा म्हणून आले.

१९/
आता गरज होती पाण्यात विरघळणाऱ्या, प्रथिनाला घट्ट चिकटणाऱ्या आणि लाल पट्ट्यात चमकणाऱ्या खुणेची. पेशींची स्वतःची चमक निळ्या-हिरव्या भागात अधिक असते. लालाकडे गेल्यास पार्श्वभूमी शांत होते. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात अॅलन वॅगनर यांच्या गटाने हे काम हाती घेतले. १९८९ आणि १९९३ मधील त्यांच्या महत्त्वाच्या शोधनिबंधांवर पहिले नाव आहे रत्नाकर मुजुमदार यांचे, सहलेखकांत स्वाती मुजुमदार यांचे. मराठी वाचकाला हे आडनाव परके वाटणार नाही.

२०/
या गटाने सायनिनच्या कड्यांवर सल्फोनेट गट बसवले. त्यामुळे रंजक पाण्यात सहज विरघळू लागला आणि त्याचे रेणू एकमेकांना चिकटून गोळा होण्याचे प्रमाण घटले. दुसऱ्या टोकाला प्रथिनांशी बंध जोडणारा रासायनिक आकडा लावला. यांतून ‘साय-३’ आणि ‘साय-५’ ही नावे रूढ झाली. आकडा कड्यांमधील साखळीतल्या कार्बनांची संख्या सांगतो. साखळी लांबली की रंग लालाकडे सरकतो. साय-३ नारिंगी चमकते, साय-५ गडद लाल.

२१/
तेजाचे गणितही येथे समजून घ्यावे. साय-३ शोषलेल्या शंभर फोटॉनांतील सुमारे १५ च परत देते. ऱ्होडामिनच्या तुलनेत हा परतावा अगदीच थोडा. परंतु सायनिनची उघडी साखळी प्रकाश शोषण्यात विलक्षण समर्थ असते, विशेषतः साय-५ची. तेज म्हणजे शोषणक्षमता आणि परताव्याचे प्रमाण यांचा गुणाकार. एका आकड्यावर भुलून निवड करणारा फसतो. शिवाय ज्या लाल व हिरव्या तरंगलांबीचे लेसर प्रयोगशाळांत सहज उपलब्ध होते, त्यांच्याशी या दोन्ही रंजकांचा मेळ बसत होता.

२२/
१९९५ मध्ये जपानमध्ये ताकाशी फुनात्सु, तोशिओ यानागिदा आणि सहकाऱ्यांनी या जोडीचा संस्मरणीय उपयोग केला. स्नायूंतील मायोसिन या प्रथिनाला त्यांनी साय-५ जोडले, आणि पेशीचे इंधन असलेल्या एटीपीच्या रेणूला साय-३. काचेच्या पृष्ठभागालगतचा अतिशय पातळ थर तेवढा उजळवून त्यांनी पाण्यात, सामान्य तापमानाला पाहिले: लाल ठिपक्याच्या जागी नारिंगी ठिपका उमटे आणि नाहीसा होई. प्रत्येक उमटणे म्हणजे एका यंत्राने घेतलेला इंधनाचा एक घास.

२३/
१९९६ मध्ये आणखी एक साधन सिद्ध झाले. दोन रंजक काही नॅनोमीटर अंतरावर आले, तर पहिला आपली ऊर्जा थेट दुसऱ्याला देतो. पहिला मंदावतो, दुसरा उजळतो. टेकजिप हा आणि सहकाऱ्यांनी एकाच जोडीवर हे घडताना दाखवले. त्या प्रयोगात दोन्ही रंजक ऱ्होडामिन कुळातले होते. लवकरच साय-३ आणि साय-५ ही जोडी प्रचलित झाली. डीएनए कसा वाकतो, आरएनए कशी घडी घालतो, हे मोजण्याची नॅनोमीटरची फूटपट्टीच हाती आली.

२४/
फूटपट्टी मात्र अधूनमधून खोटे बोलत होती. साय-५ मधूनच काही काळ विझे आणि पुन्हा पेटे. ते लुकलुकत असे. दुसरा रंजक अंधारला म्हणजे ऊर्जा पोहोचली नाही, अर्थात अंतर वाढले, असा निष्कर्ष निघे. प्रत्यक्षात रेणू जागचा हललेलाही नसे. प्रथिनाची हालचाल म्हणून नोंदवलेली गोष्ट रंजकाची डुलकी असू शकत होती. ज्या साधनावर विसंबून जीवनाच्या यंत्रणेविषयी विधाने करायची, त्याच्याच वर्तनाविषयी संशय निर्माण झाला.

२५/
लुकलुकण्याचे एक कारण ‘त्रिक’ नावाच्या अवस्थेत आहे. उत्तेजित रेणू कधीकधी या आडबाजूच्या खोलीत अडकतो आणि तेवढा वेळ चमकत नाही. हवेतील ऑक्सिजन त्याला तेथून बाहेर काढतो. परंतु या व्यवहारात ऑक्सिजनचे जे आक्रमक रूप तयार होते, ते रंजकालाच मारते. ऑक्सिजन ठेवला तर रंजक मरतो, काढला तर अधिक काळ अडकतो. २००६ मध्ये रासनिक, मॅकिनी आणि हा यांनी तोड दाखवली: ऑक्सिजन काढून ई-जीवनसत्त्वाशी साधर्म्य असलेले ‘ट्रोलॉक्स’ घालायचे. लुकलुकणे जवळजवळ थांबले.

२६/
साय-५च्या नाजूकपणाची दुसरी नोंद २००३ ची आहे. जनुकांची सक्रियता मोजणाऱ्या काचपट्ट्यांवर साय-३ आणि साय-५ यांच्या तेजाची तुलना केली जाते. काही वेळा साय-५चा संकेत अकारण घसरत असे. तपासाअंती दोषी ठरला हवेतील ओझोन. अब्जभागांत पाच-दहा भाग एवढा ओझोनही काही सेकंदांत साय-५ला विटवू शकत होता. साय-३ तुलनेने अबाधित राहत होते. जनुकात बदल झाला, असे वाटावे आणि खरा बदल खोलीतील हवेत असावा, असा हा प्रकार.

२७/
तरीही या रंजकांनी केवढी झेप घेतली, हे त्याच वर्षी दिसले. इलिनॉय विद्यापीठात पॉल सेल्व्हिन यांच्या गटातील अहमेत यिल्दिझ यांनी एका रंजकाच्या ठिपक्याचे केंद्र दीड नॅनोमीटर इतक्या अचूकतेने ठरवले. आबे यांची मर्यादा दोन ठिपके वेगळे दाखवण्याविषयी आहे. ठिपका एकटा असेल, तर त्याचे केंद्र काढण्यास ती आड येत नाही. जितके फोटॉन अधिक, तितके केंद्र अचूक. फोटॉन चौपट झाले की चूक निम्मी होते. मायोसिन-५ हे प्रथिन पावलापुढे पाऊल टाकत चालते, हे त्यातून उघड झाले.

२८/
ठिपका एकटा हवा, ही अट जाचक होती. खऱ्या पेशीत खुणा दाटीवाटीने असतात. २००५ मध्ये हार्वर्डमध्ये शियाओवेई झुआंग यांच्या गटाला साय-५चा जुना दोष नव्या रूपात दिसला. योग्य द्रावणात लाल लेसराने साय-५ विझते. जवळ साय-३ असेल, तर हिरव्या लेसराने पुन्हा जागे होते. हे विझणे-पेटणे अनेकदा करता येत होते. कळ दाबून लावता-मालवता येणारा, रेणूएवढा दिवा त्यांना सापडला होता.

२९/
२००६ मध्ये याच दिव्यावर ‘स्टॉर्म’ ही पद्धत उभी राहिली. सारे रंजक विझवायचे; मग एका वेळी थोडेसेच पेटू द्यायचे, इतके विरळ की ठिपके एकमेकांवर चढू नयेत. प्रत्येकाचे केंद्र नोंदवायचे, पुन्हा विझवायचे, आणि हे सहस्रावधी वेळा करायचे. अखेरीस सर्व केंद्रांची बेरीज म्हणजे चित्र. २०० नॅनोमीटरच्या धुक्याऐवजी सुमारे २० नॅनोमीटरचे तपशील दिसू लागले. त्याच वर्षी बेट्झिग यांच्या गटाने अनुस्फुरक प्रथिने वापरून हेच तत्त्व स्वतंत्रपणे सिद्ध केले.

३०/
साय-५ विझते कसे, याचे उत्तर २००९ मध्ये मिळाले. द्रावणात मुद्दाम घातलेला गंधकयुक्त थायॉल हा रेणू साय-५च्या मधल्या उघड्या साखळीला जोडला जातो. साखळी खंडित होते, रंग जातो. प्रकाशाने थायॉल सुटला की रंग परत येतो. ऑक्सिजन आणि ओझोन याच साखळीवर घाला घालतात. फरक इतकाच की त्यांचा घाव कायमचा असतो आणि थायॉलचा परतवता येतो. १८५६ च्या निळ्या रंगाला बाजारातून बाद करणारी प्रकाशाविषयीची हळवी वृत्ती त्याच्या वंशजात उपयोगी ठरली.

३१/
२०११ मध्ये झुआंग यांच्या गटाने २६ रंजक एकाच कसोटीवर घासून पाहिले. प्रश्न बदलले होते. एकदा पेटल्यावर रंजक किती फोटॉन देतो? एकूण काळापैकी किती काळ तो विझलेला राहतो? किती वेळा जागा होऊ शकतो? या मोजमापांत साय-५ आणि त्याचा निकटचा आप्त अलेक्सा-६४७ आघाडीवर राहिले. अन्य प्रयोगांत उजवे ठरणारे कित्येक रंजक येथे मागे पडले, कारण ते पुरेसे विझतच नव्हते. २०१४ मध्ये बेट्झिग, मोर्नर आणि श्टेफान हेल यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

३२/
निवडीचा प्रश्न त्यानंतरही सुटलेला नाही. २०१३ आणि २०१४ मधील अभ्यासांनी दाखवले की, काही लोकप्रिय रंजक काचेला किंवा पेशीपटलासारख्या मेदथराला स्वतःच चिकटतात. मग रेणूची म्हणून मोजलेली गती प्रत्यक्षात चिकटलेल्या रंजकाची असते. यावरचा उपाय जुनाच आहे: केवळ रंजक घालून, प्रथिन न घालता, तोच प्रयोग करून पाहणे, आणि दुसऱ्या कुळातील रंजक जोडूनही निष्कर्ष तोच येतो का, हे तपासणे.

३३/
जुन्या घराण्यांची डागडुजीही चालू आहे. २०१५ मध्ये जनेलिया संशोधन केंद्रात ल्यूक लाव्हिस यांच्या गटाने ऱ्होडामिनच्या बाजूचे नायट्रोजनयुक्त गट बदलून तेथे चार अणूंचे छोटे कडे बसवले. एवढ्याशा बदलाने प्रकाशाचा परतावा ४१ टक्क्यांवरून ८८ टक्क्यांवर गेला. १८८७ च्या कुळाला सव्वाशे वर्षांनी मिळालेले हे नवे तेज जिवंत पेशींतील एकेक रेणू पाहण्याच्या कामी येत आहे.

३४/
रेशमाच्या व्यापाऱ्याचा निर्णय चुकीचा नव्हता. त्याला उन्हात वर्षानुवर्षे टिकणारे वस्त्र हवे होते आणि सायनिन ते देऊ शकत नव्हते. छायाचित्रकाराला अंधारात क्षणभर जागा होणारा रंग हवा होता. मोर्नर यांना थंडीत स्थिर राहणारा. हा यांना न लुकलुकणारा. झुआंग यांना आज्ञेप्रमाणे लुकलुकणारा. आजही सूक्ष्मदर्शकापाशी बसलेला विद्यार्थी रंजकांची यादी उघडण्यापूर्वी आधी आपला प्रश्न लिहून काढतो, आणि मग त्या प्रश्नाला कोणता रंग पक्का ते पाहतो.